कान तुटलेला कप

व्हीसीआरवरचं चित्र अडखळायला लागलं, की सेलूहून मेकॅनिक यायचा. चांगला पार्ट काढून जुना बसवील म्हणून वडील मला त्याच्याजवळ बसवत. त्याला ते कळायचं. काढलेला प्रत्येक स्क्रू तो माझ्या तळहातावर ठेवायचा, "तुमीच सांभाळा." चहा कधी घेत नसे.

नामांतराचे दिवस होते. आडनाव आम्ही विचारलं नव्हतं, पण आईनं अंदाज बांधला होता. एकदा तिनं न विचारताच चहा आणला. मला कपबशी, त्याला वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप.

त्यानं चहा अंगणात ओतला, कप पुसला, त्यात स्पिरिट घेऊन व्हीसीआरचं हेड साफ केलं. "कामाचा हाय," म्हणाला.

चित्र सुरळीत चालायला लागलं. जाताना त्यानं कप ओसरीच्या कोनाड्यात, कंदिलामागं, आईनं जिथून काढला होता तिथंच ठेवला.

ती जागा त्याला कुणीच दाखवली नव्हती.