बाबांनी न सोडलेली पेटी

मी लेखक नाही. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, त्यामुळे लिहिताना संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. काल अमरावतीच्या होस्टेलवर कुणीतरी संत्रं सोललं आणि त्या वासासरशी मला अकोल्याची ती दुपार आठवली.

बाबा सोनं नेणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यावर बंदूकधारी पहारेकरी होते. निघताना सगळ्यांचे फोन ऑफिसात ठेवून घेत आणि रस्ता फाटकाबाहेर पडल्यावरच सांगत. त्या दुपारी आई संत्री सोलत होती. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "मूर्तिजापूर रोडवर सोन्याच्या गाड्या अडवल्या म्हन्ते वो. तुमचे हे कोन्या रस्त्यानं गेले?"

"मले सांगून जातील, तं त्यायले नोकरीवर कोन ठेवीन?" आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. फोडींचा ढीग वाढत गेला, पण कुणी एकही तोंडात घातली नाही.

बाबा संध्याकाळी आले, उजव्या हाताला जाड पट्टी बांधून. "पेटी नाही सोडली," एवढंच बोलले. त्यांची ती मूठ अजूनही पुरती मिटत नाही.

मागच्या महिन्यात त्यांचे जुने साहेब भेटले. म्हणाले, "आता काय लपवाचं? सोनं साध्या जीपनं दर्यापूरवरून गेलं होतं. तुह्या बाबाच्या पेटीत विटा होत्या रे."