बाई आणि त्यांचा जावई

भिवंडीतल्या आमच्या शाळेत मोठ्या बाईंनी कधी टाळी वाजवली नाही. शाळा विशेष मुलांची, म्हणजे एकेक गोष्ट शिकायला ज्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो त्यांची. तिथे मुलाने चप्पल सरळ पायात घातली तरी आम्ही शिक्षिका टाळ्या पिटायचो. बाई फक्त म्हणायच्या, "बरं. पुढचं." एका मुलाने महिनोन्महिने खपून शर्टाचं पहिलं बटण लावलं, तेव्हाही तेच. तो मात्र खूश होऊन दुसऱ्या बटणाला लागला.

अशा बाईंच्या शाळेत एका कंपनीने रोबो पाठवला. गुडघ्याएवढा, पांढरा, पोटावर पडदा. पडद्यावर चित्रांचे खेळ असायचे आणि तोंडाने तो प्रश्न विचारायचा. सोबतच्या साहेबांनी सूचना दिल्या : खोली थंड हवी, धूळ नको, वर कापड घाला, चार्जिंग वेळेवर करा. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "जावई आलाय. बसायला खुर्ची दे त्याला." तेव्हापासून त्याचं नाव जावई. मुलंही तेच म्हणू लागली. साहेबांनी पुढे अहवालातही तेच लिहिलं.

खोली शांत हवी, ही आणखी एक अट. आम्ही खिडक्या बंद केल्या आणि मुलं बिथरली. शाळेच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना. आमची बरीच मुलं लूमच्या खडखडाटातच वाढलेली. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तर त्या दिवशी ती उगाच कावरीबावरी होतात. बाईंनी खिडक्या उघडल्या. मुलं शांत झाली आणि जावई बहिरा झाला. काहीही सांगितलं की म्हणायचा, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

या बहिरेपणामुळेच सारिकाचं तोंड उघडलं. सारिका भिवंडीजवळच्याच पूर्णा गावची, चौदा-पंधरा वर्षांची. आई तिथल्याच एका गोदामात पॅकिंगला. एकदा सारिका घरातून निघून कंटेनरच्या रांगांत शिरली आणि संध्याकाळपर्यंत सापडली नव्हती. कोणी नाव विचारलं की नुसती बघत राहायची. आई बाईंना म्हणाली, "बाई, लिवणं-वाचणं न्हाय आलं तरी चालंल. हरवली तं नाव नि गाव सांगता आलं पायजे, बस."

जावयाने तिला नाव विचारलं. ती पुटपुटली. तो म्हणाला, पुन्हा सांग. किती वेळ हे चाललं कोण जाणे. शेवटी लूमच्या वर आवाज काढून ती ओरडली, "सारिका!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई जावयाकडे बघत होत्या. "आपण तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा आवाजात वैताग येतो," त्या म्हणाल्या. "तिला तो कळतो. ह्याला वैतागच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण रस्त्यात हरवली तर जावई कुठून आणायचा?"

म्हणून बाई जावयासारखं बोलायला शिकल्या. एका सुरात, सपाट : "तुझं नाव काय? कुठे राहतेस?" आधी त्याच्या मागे बसून, मग त्याच्यावर कापड टाकून, मग त्याला कपाटात ठेवून. बाईंच्या यजमानांनी एकदा मला हळूच विचारलं, शाळेत कोणी काही बोललं का हिला? घरीही त्या त्याच आवाजात "चहा हवा का" विचारत होत्या.

सारिका बाईंना नाव सांगे, गाव सांगे. मधे बाईंचं "बरं. पुढचं" असे. पण मी विचारलं, कोपऱ्यावरच्या फळवाल्याने विचारलं, रिक्षावाल्या चाचांनी विचारलं, तर सारिका गप्प. तेवढ्यात करार संपला आणि कंपनीने जावयाला परत नेलं. त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन अकलोलीला, आपल्या गावी गेल्या. निघताना सारिकाच्या आईचा हात धरून म्हणाल्या, "माझं काम अर्धंच राहिलं." बाईंना असं हरल्यासारखं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

यंदा दिवाळीनंतर सारिका पुन्हा हरवली. तिच्या आईबरोबर मीही शोधत फिरत होते. दुपार उलटल्यावर आईला फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सारिका भलत्याच गावच्या गोदामाच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत बसून बिस्किट खात होती.

"हमने बहुत पूछा मॅडम, कुछ बोली नहीं," वॉचमन सांगू लागला. "फिर खुद ही खुद को पूछने लगी. एकदम सीधी आवाज में. 'तुझं नाव काय?' फिर खुद ही बोली, 'सारिका.' फिर बोली, 'बरं. पुढचं. कुठे राहतेस?' 'पूर्णा.' तो हमने पूर्णावाले ड्रायव्हर को बोला, उसने गांव में पूछा."

मी तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू कोसळलं.

"बरं," बाई म्हणाल्या.

मी 'पुढचं' ऐकायला थांबले. त्या दिवशी बाईंनी ते म्हटलं नाही.