घाटंजीच्या माडीचं मागचं दार

"माडी पाडून राह्यले. पाहाची असन तं लवकर ये." घाटंजीच्या एका ओळखीच्या शिक्षिकेचा एवढाच निरोप आला आणि मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. जुनी घरं बघायचं मला वेड आहे. आमचे हे म्हणतात, लोक देवळात जातात, तू पडक्या भिंतींना हात लावायला जातेस. म्हणोत बापडे. गाडी तेच चालवतात.

नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळ. रस्ता आता चौपदरी आहे, अडीच-तीन तासांत निवांत पोहोचता. देवळीला तर्री-पोहे खाल्ले. तर्री इतकी जहाल की ह्यांचे कान लाल झाले, तरी दुसरी प्लेट सोडली नाही. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. गणपती जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने उतरावं. मुक्काम यवतमाळलाच करा. आठशे-हजारात बरी खोली मिळते, गरम पाण्यासाठी मात्र दोनदा ओरडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीला निघालो. हा रस्ता अरुंद, आणि जानेवारीत कापसाने फुगलेले ट्रक समोरून येतात तेव्हा आपणच खाली उतरायचं, वाद घालायचा नाही. दोन्ही बाजूंना तुरी वाळलेल्या, पऱ्हाटीला उरलासुरला कापूस. गावात शिरून एका पानठेल्यावर पत्ता विचारला.

"कोनती माडी? शेटची?" ठेल्यावर बसलेला म्हातारा म्हणाला.

"अबे, बाळंतघर म्हना ना," दुसरा म्हणाला.

पानवाला पोरगेला होता. तो म्हणाला, "होस्टेल विचारून राह्यल्या त्या. सरळ जा, जेसीबी दिसन."

तिघांनी एकच घर सांगितलं होतं. शिक्षिकेने ऐकीव इतिहास आधीच कळवला होता, तो असा. भोसल्यांच्या काळात एका धान्याच्या व्यापाऱ्याने हे घर बांधलं. इंग्रजांच्या राजवटीत ते कापसाच्या दलालाकडे गेलं, मग काही वर्षं तिथे कचेरी आणि कोठडी होती. स्वातंत्र्यानंतर बाळंतघर झालं, ते बंद पडल्यावर मुलींचं वसतिगृह. मग कुलूप. आता जागा विकली गेली होती आणि तिथे दुकानांचं संकुल उठणार होतं.

पाडकामाचा मुकादम भला माणूस निघाला. "आत जा, पन वरच्या मजल्यावर नोका जाऊ, लाकूड सडलं हाये," म्हणाला. आत गेले आणि मी सुखावले, खोटं कशाला बोलू! घराने काहीच टाकून दिलं नव्हतं. सागवानी तुळईला कापूस तोलायच्या काट्याचा जाडजूड आकडा होता. त्याच आकड्याला पुढे सलाईनची बाटली टांगत, आणि वसतिगृहातल्या पोरींनी त्यालाच झोक्याची दोरी बांधली होती, तिचा तुकडा अजून लोंबत होता. धान्याच्या कोठाराला कचेरीवाल्यांनी गज बसवले. बाळंतघरवाल्यांनी ते गज पांढरे रंगवून तिथे औषधं ठेवली. भिंतीवर खडूने पाढे लिहिलेले. मी फोटो काढत सुटले.

मागच्या अंगणात दोन बाया कडुलिंबाच्या झाडाखाली बसल्या होत्या. थोरली सत्तरीची असावी, पांढरं स्वच्छ लुगडं, जवळ नवं मडकं आणि खणायचं टिकास. धाकटी तिची मुलगी, संगीता. झाडाच्या बुंध्याशी मेणाचे थरच्या थर साचले होते.

"जय भीम," मी म्हटलं. "कोणाची वाट बघताय?"

"कोनाची नाही, बाई," म्हातारी म्हणाली. तिचं नाव यशोदाबाई. "मुकादमानं दुपारपर्यंत टाइम देल्ला. माती नेतो."

मग संगीताने सांगितलं. यशोदाबाईंचं पहिलं लेकरू याच बाळंतघरात झालं. मुलगा. बैलगाडीतून आणेपर्यंत त्या बेशुद्ध पडल्या होत्या, आणि शुद्धीवर आल्या तेव्हा पोर गेलेलं होतं. दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. गाव लांब, म्हणून नवऱ्याने आणि तिथल्या आयाने मिळून तिथेच पुरलं. आईने ती जागा बघायची नसते, बघितली तर पुढची कूस धरत नाही, असं सगळ्यांनीच सांगितलं. त्यांना तसंच, डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून घरी नेलं.

"आमचे मालक जिते होते तवर बोललेच नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "जाताना एकडाव म्हनले, मागच्या दाराशी, लिंबाखाली हाये आपलं पोरगं. तवापासून येतो मी. दर साली मेनबत्ती लावतो. आता हे लोक खोदतीन, पाया भरतीन. म्हून म्हनलं, माती नेतो. परसात ठेवतो, जिथं मले उठता-बसता दिसन."

मी त्यांच्याजवळ टेकले. आणि टेकल्यावर समोर माडीचं ते मागचं दार दिसलं.

ते मागचं दार नव्हतंच. चौकटीवर गणेशपट्टी होती, झिजलेली, पण गणपतीची सोंड ओळखू येत होती. आतल्या अंगाला दोन्ही बाजूंनी देवड्या, पहारेकऱ्यांनी बसायच्या. अशा देवड्या घराच्या दर्शनी दारालाच असतात. मी उठून घरातून पलीकडे गेले, रस्त्याच्या बाजूला, जिथून आम्ही आत आलो होतो. ते दार जुनं लहान दार फोडून मोठं केलेलं, वर सिमेंटची तुळई.

"हे दार कधीचं?" मी मुकादमाला विचारलं.

"होस्टेल झालं तवाचं. इकून मोठा रस्ता आला ना, मंग इकून तोंड केलं. पयले इकडं परस होतं, झाडं होती. रस्ता रुंद झाला, तोडले सारे."

"लिंब होता?"

"होता ना. मोठा."

मी तिथेच उभी राहिले. कापसाचा ट्रक हॉर्न वाजवत गेला, पाठोपाठ एसटी. बाळंतघराच्या काळातलं मागचं दार या बाजूला होतं, आणि त्यापुढचं अंगण आता डांबराखाली होतं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप्प बस. नेऊ दे तिला माती."

"अहो, पण ती चुकीच्या जागेची माती आहे!"

"तिला कुठे माहीत आहे?"

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी आई मला परकरात असल्यापासून सांगत आली. शिवाय मनातून मला असंही वाटलं की खरं कळणं हा तिचा हक्क आहे, आणि ते मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? संगीता टिकास उचलत होती. मी पुढे झाले आणि सांगून टाकलं. गणेशपट्टी दाखवली, देवड्या दाखवल्या, अगदी नीट समजावून सांगितलं.

यशोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून घरातून चालत रस्त्यावर आल्या. कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. एक मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी, मरता का!" संगीताने त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

"कुठसाक हाये तो लिंब?" त्यांनी मला विचारलं.

मी रस्त्याकडे हात केला. नेमकी जागा मलाही सांगता येईना.

"मंग इतके साल मी कोनापाशी बसत होतो?" त्या म्हणाल्या. मुकादमाने मान वळवली.

"आई, तरी घेऊ का तिथली माती?" संगीताने हळूच विचारलं.

"काहून? कोनाची?"

मडकं रिकामंच राहिलं. आम्ही त्यांना त्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत सोडलं. उतरताना संगीताने माझा नंबर घेतला. यशोदाबाईंनी हात जोडले, मला ते बघवलं नाही. परतीच्या वाटेवर यवतमाळला जेवायला थांबलो, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर. छान असतं म्हणतात. मला चव लागली नाही.

नागपूरला येऊन आता महिना होऊन गेला. तुम्ही विचाराल, जाण्यासारखं आहे का? माडी आता नाही. फोटो माझ्याजवळ आहेत, आकड्याचा, गजांचा, गणेशपट्टीचा. गणेशपट्टीचा इथे टाकत नाही, मला तो नकोसा झालाय.

परवा संगीताचा फोन आला. त्या पोराचा दिवस होता. यशोदाबाई मेणबत्ती घेऊन घाटंजीला गेल्या होत्या. रस्त्याच्या कडेला बसल्या, पण गाड्यांच्या वाऱ्याने मेणबत्ती पेटेना. तिथल्या दुकानवाल्यांनी दोनदा उठवलं. मागच्या अंगणातला लिंबही एव्हाना तोडला होता, तिथे खड्डा पडलाय. मग त्या मेणबत्ती तशीच पदरात बांधून घरी परत आल्या.

"काही म्हणाल्या का?" मी विचारलं.

"राग नोका मानू ताई," ती म्हणाली. "आई म्हने, त्या बाईनं थ्या दिवशी नोतं याले पाहिजे. माझं पोरगं लिंबाखाली बरं होतं."