बागेतला माग

देवाजी गजभियेने चाळीस वर्षं माग चालवला. नागपुरातल्या किती बायकांच्या अंगावर त्याच्या हातचं लुगडं गेलं असेल, त्याची गणती नाही. घरची बायको बायजाबाई मात्र तेवढीच वर्षं त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली, आणि नेसली ती कायम जाडंभरडं. छप्पन साली दीक्षेला जाताना पांढरं लुगडं हवं होतं. शेजारच्या वच्छलाकडून तिने मागून आणलं, नेसली, आणि दुसऱ्या दिवशी धुऊन परत केलं. ही गोष्ट ती दरवर्षी हसत सांगायची. रडत सांगितली असती तर देवाजीला सोपं गेलं असतं.

एकोणऐंशी साल उजाडलं तोवर कामठीच्या पॉवरलूमने हातमाग जवळजवळ गिळले होते आणि देवाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मग त्याने ठरवलं, मागावर चढणारं शेवटचं उभं सूत, शेवटचा ताणा, घरचा. बारीक पांढरं सूत, निळे काठ, बुद्धपौर्णिमेला बायजाबाईच्या अंगावर. अडीच हजार धागे मागाच्या फणीच्या फटींतून एकेक करून ओवायला दोघांना बारा दिवस लागले. पुन्हा ओवायची वेळ आली तर आपल्याच्याने व्हायचं नाही, हे तो जाणून होता.

लुगडं चार हात विणून झालं आणि दत्तोपंत दारात आले. महाल भागातलं जुनं घराणं, सरकारी नोकरीतून नुकतेच सुटलेले, आणि रिकामपणावर उपाय म्हणून ‘जुनं नागपूर महोत्सवा’चे चिटणीस. नदीकाठच्या भोसल्यांच्या वेळच्या बागेत सोहळा होता. नाग नदीचा तोवर नाला झालेला. समितीने त्या बाजूला कनात ठोकली होती. वारसा दिसावा, पण वास येऊ नये.

“देवाजी, तुमच्यासारखा विणकर आता शोधून सापडत नाही,” दत्तोपंत म्हणाले. “माग बागेत लावा. लोकांना बघू द्या.”

देवाजी नाहीच म्हणणार होता. ताणा चढलेला माग हलवायचा म्हणजे भरल्या घरात साप सोडण्यासारखं. पण बायजाबाई मधेच बोलली, “चाला ना जी. लहानपणी त्या बगिच्याच्या फाटकावरून माळी आपल्याले हाकलून देत होता. आता ते सोताहून बलावून राहिले.”

तिच्या तोंडाकडे पाहून तो हो म्हणाला. तीच त्याची चूक.

हिरवळीत खड्डा खणून माग बसवला. देवाजी खड्ड्यात पाय सोडून बसला, बायजाबाई शेजारी चरख्यावर. लोक वरून वाकून बघत, जसे विहिरीत पडलेल्या वासराला बघतात. तरी तिचा चेहरा फुलला होता. जो येईल त्याला ती आपणहून सांगत होती, “हे माह्यं आहे. माह्यासाठी विणून राहिले.”

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे आले, बँड वाजला, आणि तबकात कात्री आहे पण फीत आणायची राहिली हे तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं. समितीतले कृष्णकांत मोठे कल्पक. त्यांची नजर मागावर ताणलेल्या पांढऱ्याशुभ्र सुतावर गेली. “फीत कशाला? हेच कापू. वारशाला शोभेल!”

पाहुण्यांनी तबकातली कात्री उचलली.

“अरे, अरे सायेब! थांबा!” देवाजी ओरडला. पाय खड्ड्यात अडकलेले, वर बँडचा दणका. त्याला उठता येईतो वीतभर ताणा सुटून त्याच्या गुडघ्यांवर पडला. फोटोवाल्याला फोटो नीट मिळाला नाही, म्हणून पाहुण्यांनी आणखी एक वीत कापली.

दत्तोपंतांचा चेहरा पडला. त्यांना कळलं होतं. पण पाहुण्यांसमोर बोलायचं कुणी? ते गप्प बसले. अशी माणसं नेमकी अशा वेळी गप्प बसतात, याचा मला संताप येतो.

बायजाबाई खड्ड्यात उतरली. एक तुटका धागा धरला, त्याचा जोडीदार शोधला, गाठ मारली. मग दुसरा. कृष्णकांतांनी माइक घेतला, “बघा, आपल्या कारागिरांची चिकाटी बघा!” आणि बाग टाळ्यांनी दणाणली.

देवाजी बघत राहिला. एवढ्या गाठी फणीतून जायच्या नाहीत, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. तरी ती बांधत होती आणि लोक टाळ्या पिटत होते. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने तबकातली कात्री घेतली आणि उरलेला ताणा या काठापासून त्या काठापर्यंत आपल्या हाताने कापून टाकला.

“ऊठ वं. घरी चाल.”

हाही कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. हातातलं सूत तसंच धरून बायजाबाईने वर पाहिलं.

“आता मी काय नेसू जी?”

ऐकू आलं नाही असं दाखवून देवाजी मागाच्या दोऱ्या सोडू लागला.