ओलं बोट

रेघा ह्यांच्या, रंग माझे. आमच्या संसारात न भांडता झालेली ही एकच वाटणी. रविवारी सकाळी आम्ही गंगेवर जायचो. हे पायरीवर बसून काळ्या शाईने कमानी, देवळं, वाळत घातलेल्या साड्या काढायचे आणि घरी आल्यावर मी त्यात जलरंग भरायची. "आयत्या पिठावर रेघोट्या," असं चिडवायचेसुद्धा.

कागद माझ्या हाती देण्याआधी मात्र ते बोट ओलं करून कोपऱ्यातल्या एखाद्या रेघेवरून फिरवायचे. बोट कोरं निघालं की म्हणायचे, "घे, घाल आता पाणी." काळं लागलं तर कागद परत वाळायला. ते खातं त्यांचं. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही.

माझं चित्र त्यांनी कधी काढलं नाही. कुरकुर केली की म्हणायचे, "देऊळ जागचं हलत नाही. तू बसतेस का एका जागी?"

ते गेले त्याला दोन पावसाळे झाले. रंगवायच्या राहिलेल्या चित्रांतलं एकेक मी रविवारी घेऊन बसते. ब्रश पाण्यात बुडवला की मागे त्यांची खुर्ची करकरते. मी वळून बघत नाही. वळले तर ती रिकामी दिसेल, आणि ते मला नको आहे.

मागच्या थंडीत गठ्ठ्याच्या तळाशी एक कागद निघाला. त्यावर मी होते. गॅलरीत मेथी निवडत बसलेली, चष्मा नाकावर घसरलेला. शेवटच्या आजारपणात पलंगावरून काढलेलं असणार, आणि मला पत्ताच नाही. रडू आलं. रागही आला, सांगितलं असतं तर केस तरी नीट केले असते.

लगेच रंग काढले. गालावर पातळ गेरू फिरवला आणि रेघा सुटल्या. चित्राच्या शाईची बाटली कपाटात होती, त्यांना उठवत नव्हतं. हाताशी असलेल्या सहीच्या पेनाने त्यांनी मला काढलं होतं. दिसायला तशीच काळी शाई, पण पाणी लागताच निळी होऊन पळाली. फडकं टेकवेपर्यंत डोळे गेले, चष्मा गेला. मेथीची जुडी तेवढी शाबूत राहिली.

"अहो!" मी ओरडले. खुर्ची करकरली नाही. तेव्हा मी वळून बघितलं.

ब्रश धुतलेलं वाटीतलं पाणी मोरीत ओतायला हात झाला नाही. वाटी खिडकीत ठेवली. पाणी आटलं, तळाशी निळसर थर राहिला.

आता रंग भरण्याआधी मीच बोट ओलं करून रेघेवर फिरवते. ते कोरं निघतं. मग तेच बोट वाटीच्या तळाला लावते. तिथं अजून लागतं.