मिरचीचं पाणी तोडलं तेव्हा

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी शेतकी कॉलेजातून पास होऊन राहात्याजवळच्या आमच्या वस्तीवर परतलो. घराण्यातला पहिला पदवीधर मीच. न्हाणीमागे आईची मिरचीची सहा झाडं होती. न्हाणीचं पाणी पाटाने थेट तिथं जाई. झाडं हिरवीगार होती, पण फुलं गळून जायची आणि मिरची एकही धरत नसे. दृष्ट लागली म्हणून आईने तिथं काळं मडकं टांगलं होतं.

"आई, पाणी जास्त झालंय," असं म्हणून मी पाट केळीकडे वळवला.

"झाडं वाळली तर तुजी डिगरी चुलीत घालीन," आई म्हणाली.

दुपारी झाडं माना टाकायची. शेजारचे काका विचारायचे, "काय सायेब, मयत कधी?" मी माती चाचपून, कोरडी लागली तरच तांब्याभर पाणी घालायचो. दोन आठवड्यांत फुलं टिकली, मग मिरच्या लागल्या.

पहिली मिरची आईने माझ्याच भाकरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मला परसात नेऊन म्हणाली, "ह्या लिंबोणीला बी फळ न्हाई. बघ जरा."

मडकं तिने आधीच तिथं टांगलं होतं.