माकडं हाकायची असतात, बघायची नसतात

त्या दिवशी डोंगरावर आम्ही सहा जण होतो. युसूफभाई, ज्यांच्या घरी मी जेद्द्यात स्वयंपाकाला होते. त्यांची बायको नसरीनभाबी. त्यांचा ड्रायव्हर रफिक, मंडणगडचा. युसूफभाईंचा कफील सालेह. सालेहची म्हातारी आई, तिला सगळे उम्म सालेह म्हणायचे. आणि मी, हमीदा. सहाही जण दगडाआड श्वास धरून बसलो होतो. खोकायचं नाही, हलायचं नाही, माकडाच्या डोळ्यात डोळा घालून बघायचं नाही, असा युसूफभाईंचा हुकूम होता.

हे मी सांगतेय आणि माझी मुलगी शबाना लिहून घेतेय. मला लिहिता येत नाही. त्याचं कारणही माकडंच. ते येईल पुढे.

कफील म्हणजे तिथला माणूस, ज्याच्या नावावर तुमचं राहणं असतं. तो हो म्हणाला तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, पुढे चालू. नाही म्हणाला तर खलास, बॅग भरा. युसूफभाईंचं ट्रॅव्हलचं छोटं ऑफिस होतं, जेद्द्यातच, अल अझीझिया मोहल्ल्यात. हज आणि रमजानच्या सीझनला जेवायला फुरसत नाही. सीझन संपला की रफिक बसची काच पुसायचा, आणि मग पुसलेलीच काच परत पुसायचा. शेवटी सालेह म्हणाला, "बाकीच्या महिन्यांचं काम दाखव. नाहीतर ऑफिस बंद करतो."

ऑफिस बंद म्हणजे युसूफभाई परत, रफिक परत, मीही परत. माझाही इकामा सालेहच्याच नावावर. शबाना तेव्हा रत्नागिरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप नाही. माझा पगार थांबला की तिचं शिक्षण थांबणार. मी कुणाला काही बोलले नाही. बोलून काय फी भरली जाते?

एक दिवस युसूफभाई घरी आले ते नाचतच. मला ते खाला म्हणायचे, म्हणजे मावशी.

"खाला, सापडलं! आफ्रिकेत गोरिला बघायला लोक जंगलात चालत जातात. चिखलातून, काट्यांतून. ट्रेकिंग म्हणतात त्याला. आणि वर पैसे मोजतात!"

गोरिला म्हणजे काय ते मला टीव्हीवर दाखवलं. माणसाएवढंच, पण माणसापेक्षा दांडगं, काळं माकड. युसूफभाई म्हणाले, ज्याला सर्दी झालीय त्याला तिथे जवळ जाऊ देत नाहीत. आपली सर्दी गोरिलाला लागते.

"आपली त्याला लागते?" मी म्हटलं. "आणि त्याची आपल्याला?"

"खाला, मुद्दा तो नाही. आपल्याकडे ताइफच्या डोंगरात माकडं आहेत की नाहीत?"

"आहेत ना. रस्त्यावर केळी मागत बसतात."

"ती भिकारी. आपण जंगली दाखवायची. चालत जाऊन. गप्प बसून. एकदम आफ्रिकेसारखी!"

मी भाबीकडे बघितलं. भाबीने कपाळावर हात मारला. पण युसूफभाई ऐकणारे नव्हते. त्याच संध्याकाळी घरात त्यांनी प्रॅक्टिस घेतली. भाबी कस्टमर, रफिक गाईड आणि मी माकड. काळा बुरख्यासारखा अबाया घालून मला डायनिंग टेबलखाली बसवलं. आता माकड म्हणून नुसतं काय बसायचं? मी लसूण सोलायला घेतला.

"खाला, माकड लसूण सोलत नाही."

"तुम्हाला रात्री कोरमा पाहिजे ना?"

भाबी हसता हसता सोफ्यावरून खाली आली. रफिक दाराआड तोंड दाबून उभा. मी मात्र लसूण सोलत राहिले. माकडांच्या भरवशावर माझ्या मुलीचं शिक्षण, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

त्याचं असं आहे. आमचं गाव दाभोळच्या अलीकडे, खाडीकाठी. डोंगरउतारावर आमचा भुईमूग, कुळीथ आणि केळीची चार खोडं. वानरं आली की तासाभरात साफ. कुणीतरी राखणीला पाहिजे. थोरला भाऊ होडीवर, आई मासे विकायला. उरले मी. दुसरीत होते. पाटी घरी ठेवली आणि मांगरावर बसले, म्हणजे शेतातल्या खोपटात. हातात पत्र्याचा डबा, पळी आणि गोफण. सकाळपासून काळोख पडेपर्यंत. डबा बडवायचा, ओरडायचं, दगड मारायचा. लग्न होईपर्यंत तेच केलं. त्याचं मला दुःख नाही. तेव्हा सगळ्यांचं तसंच होतं. पण माकड बघायला चालत जायचं, आणि दिसलं की गप्प बसायचं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

सालेहला हे एकदा दाखवायचं ठरलं. ट्रायलच्या दिवशी तो आईला घेऊन आला. कुणी बोलावलं नव्हतं तिला. सालेह म्हणाला, ती घरात एसीत बसून असते, कुणाशी बोलत नाही, जरा हवा लागू दे. युसूफभाईंनी घाईघाईत, वर तिला बसायला, एक फोल्डिंगची खुर्ची रफिकच्या पाठीवर बांधली. म्हातारी सबंध चढणीला एक शब्द बोलली नाही. फक्त रफिक थांबला की मागून काठीने त्याच्या पोटरीला ढोसायची, "यल्ला!" म्हणजे चल.

चढ होता, पण आमच्या कोकणासारखाच. बाभळीगत काटे, मधे मधे निवडुंग, वर गार वारा. जेद्द्याच्या उकाड्यातून आल्यावर अंग नुसतं हलकं झालं. मी जेवणाचं गाठोडं डोक्यावर घेतलं. आत वड्यांचा डबा, कोंबडीचं सुकं, वाढायची पळी आणि केळी. युसूफभाई दर वळणावर मागे वळून ओठांवर बोट ठेवत होते. इतकं शू शू केलं की भाबी म्हणाली, "अहो, माकडांना वाटेल टायर पंक्चर झालाय."

मग आम्ही दगडाआड बसलो, आणि ती आली.

आधी कड्यावरून एक, मग दहा, मग मोजदाद राहिली नाही. पोरं आयांच्या पाठीवर. नर तर असे, जशी खांद्यावर करड्या लोकरीची शाल घेतलेली. तोंड गुलाबी आणि मागून लालभडक.

"हा बघा राजा," युसूफभाई कुजबुजले.

"राजाला पाटलोण कुणी शिवली नाही वाटतं," भाबी.

सालेहने फोन काढला. फोटोचे फोन तेव्हा नवेच होते. तो खुश दिसत होता. युसूफभाईंनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला वाटलं, झालं. शबानाचं झालं.

तेवढ्यात तो राजा खाली उतरला. हळूहळू, आपल्या बापाचं घर असल्यासारखा. उम्म सालेहच्या खुर्चीशी गाठोडं होतं, तिथे आला. कुणी हललं नाही. हुकूमच तसा होता. त्याने गाठ सोडली. खरंच सोडली, माणसासारखी. आणि डब्यावर हात ठेवला.

मी काही ठरवून केलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. मी गाठोड्याशी धावले, एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात पळी, आणि पोटातून जी हाळी निघाली ती थेट मांगरावरची:

"हुर्रर्रऽऽऽ हाऽऽ होऽऽऽ!"

ठण ठण ठण ठण! झाकण बडवलं, चप्पल काढून फेकली. सगळा डोंगर एका क्षणात मोकळा. राजा वडे टाकून गेला. माझी चप्पल कड्याखाली गेली.

 युसूफभाईंनी डोकं हातात धरलं.

"खाला, हे काय केलंत! दोन तास चाललो आपण! कस्टमर काय बघणार आता, दगड?"

मी एका पायात चप्पल घालून उभी.  डोळ्यांसमोर शबानाची बॅग दिसत होती, हॉस्टेलमधून घरी येताना.

मागून आवाज आला. खी, खी, खी. आम्हाला वाटलं, म्हातारी घाबरून रडतेय. सालेह धावला. तिने त्याला काठीनेच बाजूला केलं, माझ्याजवळ आली, माझ्या हातातलं झाकण आणि पळी घेतली आणि कड्याकडे तोंड करून अशी ओरडली, की माझी हाळी तिच्यापुढे काहीच नाही.

"बर्राऽऽऽ! बर्राऽऽऽ!"

बर्रा म्हणजे चालते व्हा. नंतर सालेहने सांगितलं, तिचं माहेर त्याच डोंगरांत, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं गाव. ती लहानपणी मक्याच्या शेतावर राखणीला बसायची. हे त्यालाही त्या दिवशीच कळलं.

मी ओरडले. ती ओरडली. समोरच्या कड्यावरून राजा ओरडला, "वाहू!" ती त्याच्यावर ओरडली. मग तिने गाठोड्याचं फडकं उचललं, दुमडून त्यात दगड ठेवला आणि डोक्यावर गरागरा फिरवला. गोफण! अगदी आमच्यासारखी! दगड सुटला, पण उलट्या बाजूला. सालेहच्या कानाजवळून गेला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तो मटकन धुळीत बसला.

"शुवय्या, यम्मा, शुवय्या!" हळू, आई, हळू.

मी तिचं कोपर धरून वर केलं. कोपर खाली राहिलं की दगड मागे जातो. तिने माझ्या हातावर फटका मारला, ठाऊक आहे म्हणून. पुढचा दगड बरोबर गेला. भाबी हसून हसून जमिनीवर आडवी. रफिकने खुर्ची बडवायला घेतली. आणि समोर, अल्ला शपथ, सगळी माकडं परत कड्यावर येऊन ओळीने बसली, आमच्याकडे बघत. एक नाही हललं.

उतरताना म्हातारी माझा हात धरून चालली. एका चपलेवर मी आणि एका काठीवर ती. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती गाडीपर्यंत बोलत होती.

खाली आल्यावर सालेह युसूफभाईंना म्हणाला, "माकडांची सहल चालणार नाही. मूर्खपणा आहे."

युसूफभाईंचा चेहरा उतरला.

"पण आई म्हणते, पुढच्या महिन्यात परत यायचं. तिच्या बहिणी, शेजारणी, सगळ्या डोंगरातल्याच आहेत. सगळ्या फ्लॅटमध्ये कोंडलेल्या. बस आहे ना तुझ्याकडे?"

बस होती. काचही पुसलेली होती.

त्या ऑफिसचं सीझनबाहेरचं काम पुढे हेच झालं. म्हाताऱ्यांची बस. बरोबर कुणाचा तरी मुलगा, नाहीतर नातू. सगळ्यांना माहेरच्या डोंगरात न्यायचं, जेवू घालायचं, पोटभर ओरडू द्यायचं आणि घरी सोडायचं. जेवण माझं असायचं. झाकण आणि पळी जास्तीची न्यावी लागायची, नाहीतर भांडणं. शबाना नर्स झाली. माझ्या कामातून मी शिकले ते एवढंच: गिऱ्हाईक काय बघायला येतं ते दुकानदाराला माहीत नसतं.

आता वाचणाऱ्यांना एक सांगणं आहे. ताइफचा घाट असो की आपलं कोकण, गाडी थांबवून माकडांना केळी घालू नका. तुम्ही फोटो काढून पुढे जाता. त्यांना माणसाच्या हातचं खायची चटक लागते, आणि मग ती कुणाच्या तरी शेतात उतरतात. तिथे राखणीला घरातली एखादी पोर बसवतात. तिची शाळा असते. तेवढं करू नका.